पानशेतच्या पुरावर लेख लिहिलाय, पण तो माझा वाटत नाही. काय करू?

मुठाकाठची:

नमस्कार मंडळी, लेखनाबद्दल इथे पहिल्यांदाच विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

एका छोट्या दिवाळी अंकासाठी मी पानशेतच्या पुरावर, म्हणजे १९६१ साली पानशेतचं धरण फुटून पुण्यात पाणी शिरलं त्यावर, लिहायला घेतलं. निमित्त घरातलंच. सासूबाई नारायण पेठेतल्या, नदीच्या अंगाला त्यांचा वाडा होता, १२ जुलै १९६१ ला त्या अकरा वर्षांच्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून मी पुराच्या गोष्टी ऐकतेय, म्हटलं या वर्षी नीट लिहून काढू, त्या सांगायला आहेत तोवर.

सहा महिने नुसतं जमवत होते. लायब्ररीत बसून जुलै-ऑगस्ट ६१ च्या दैनिकांच्या पानांचे फोटो काढले, चौकशी आयोगाच्या अहवालातली काही पानं मिळाली, एका जुन्या मासिकात एका पूरग्रस्त गृहस्थांच्या आठवणी सापडल्या (फार सुंदर लिहिलंय त्यांनी, दोनदा रडले वाचताना), विकिपीडिया, दोन ब्लॉग, आणि सासूबाईंचं सव्वा तासाचं रेकॉर्डिंग. हे सगळं टेबलावर मांडून लिहिलं, २८०० शब्द झाले. कुठेही कॉपी-पेस्ट नाही, प्रत्येक वाक्य बदललं, 'जलप्रलय' होतं तिथे 'महापूर' केलं, दोन वाक्यांचं एक केलं, एकाची दोन केली, मला वाटलं याला स्वतःच्या शब्दांत लिहिणं म्हणतात.

संपादकांनी परत पाठवला. सोबत दोनच ओळी. माहिती बरोबर आहे पण हे संकलन झालं, लेख नाही. आणि मधले दोन परिच्छेद आधी कुठेतरी वाचल्यासारखे वाटतात.

ती दुसरी ओळ फार लागली. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून ते दोन परिच्छेद मासिकातल्या आठवणींशी ताडून बघितले तर शब्द सगळे वेगळे पण क्रम अगदी तोच, आधी पिवळसर पाणी, मग उंबऱ्याजवळ तरंगणारा पाट, मग माडीवरून समोरच्यांना मारलेल्या हाका. हे दृश्य सासूबाईंनी मला कधीच सांगितलेलं नाही. ते त्या गृहस्थांनी बघितलेलं आहे, आणि मी ते त्यांचं नावसुद्धा न घेता लिहून टाकलं, जणू काही मीच माडीवर उभी होते.

तर प्रश्न असा की मी तेव्हा जन्मलेही नव्हते, माझ्याकडचं सगळंच दुसऱ्यांकडून आलेलं, मग यात माझं काय असणार? दर वाक्याला नावं दिली तर शाळेच्या प्रकल्पासारखं दिसतं आणि नाही दिली तर ती चोरीच झाली ना. शिवाय सासूबाईंचं आणि कागदांचं जुळतही नाही. त्या ठामपणे म्हणतात की खरं पाणी दुपारी चढलं, आणि पेपरात तर धरण सकाळी फुटलं असं आहे, म्हणून मी त्यांचं ते वाक्य काढून टाकलं. अजूनही बरंच गाळलं, म्हणजे पूर ओसरल्यावर त्यांच्या चौकात कुणाचं तरी नाव घातलेलं पितळी पातेलं सापडलं होतं, ते अजून आमच्याकडे आहे, पण ते लेखात कुठे बसेना.

तीन आठवडे हातात आहेत. नव्याने लिहू की सोडून देऊ?

जुना_उपसंपादक:

ताई, सोडू नका. मी तीस वर्षं पुरवणीच्या टेबलावर काढली, असे लेख खूप हाताळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही स्वतःच खरी गोष्ट पकडलीत, क्रम. शब्द बदलून लेख आपला होत नाही कारण लेखात फक्त शब्द नसतात. आधी काय सांगायचं, कुठे थांबायचं, कशाला दोन ओळी द्यायच्या आणि कशाला दोन पानं, हे सगळं ठरवणं म्हणजे लिहिणं. पानशेतवरचे लेख काढून बघा, बहुतेक सगळे एकाच वाटेने जातात. मुसळधार पाऊस, अर्धवट धरण, वाळूची पोती रचणारे जवान, धरण फुटलं, पेठा बुडाल्या, मदतकार्य, चौकशी, संपलं. ही वाट त्या आठवड्यातल्या बातमीदारांनी पाडली आणि तेव्हा ती बरोबरच होती, लोकांना पुढे काय झालं ते कळायला हवं होतं. पण आज तुमच्या वाचकाला धरण फुटलं हे आधीच माहीत आहे. तुम्ही त्याच वाटेने गेलात की महापूर लिहा नाहीतर जलप्रलय लिहा, चालतंय ते दुसऱ्याचंच डोकं.

आता पातेल्याकडे येतो. तुम्ही ते गाळलेल्या सामानात टाकलंय आणि मी वाचताना तिथेच थांबलो. अहो, नाव घातलेलं भांडं! आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते कशासाठी, पंगतीला, लग्नकार्याला शेजारी नेलं तर परत घरी यावं म्हणून. अख्खी पेठ एकमेकांना ओळखते, नाव वाचलं की कुठल्या वाड्यात नेऊन द्यायचं ते पोरालाही कळतं, या भरवशावर ते नाव घातलेलं असतं. आणि एका दिवसात तो भरवसाच वाहून गेला. पेठेतली माणसं शाळांमधून, नातेवाइकांकडे, मग कुणी लोकमान्यनगरला, कुणी सहकारनगरला, कुणी गोखलेनगरला. नाव भांड्यावर शाबूत आहे पण ते वाचून ज्याच्या दारात जायचं ते दारच राहिलं नाही. तुमच्या सासूबाईंच्या घरच्यांनी त्या नावाचं माणूस शोधलं का? किती दिवस शोधलं? कुणाकुणाला विचारलं? आणि नंतर त्या पातेल्यात शिजवलं की नाही?

हे आयोगाच्या अहवालात नसणार कारण आयोगाला धरण का फुटलं ते शोधायचं होतं. पेपरात नसणार कारण पेपर रोजचा. हा प्रश्न फक्त तुमच्या घरात आहे, आणि लेख तुमचा होईल तो यामुळे. हा प्रश्न डोक्यात घेऊन परत त्याच कात्रणांकडे जा. आतापर्यंत तुम्ही पहिल्या पानावरचे मथळे वाचलेत, आता आतल्या पानांवरच्या बारीक जाहिराती आणि निवेदनं वाचा, हरवलं-सापडलं, आमचा पत्ता बदलला आहे, दुकान अमुक ठिकाणी सुरू केलं आहे, असं काय काय. कात्रणं तीच असतील पण तुम्हाला दुसरं काहीतरी दिसायला लागेल.

श्रेय देण्याचं म्हणाल तर तळटीपांची गरज नाही, वाक्यातच सांगा. समजा असं लिहिलंत की त्या काळच्या एका मासिकात अमुक गृहस्थांनी पाणी पिवळसर होतं असं लिहून ठेवलंय, सासूबाईंना विचारलं तर त्यांना रंग आठवत नाही, आठवतो तो नंतरचा चिखलाचा वास. (त्यांना खरंच काय आठवतं ते विचारा, मी उदाहरण म्हणून लिहिलं.) यात शाळेचा प्रकल्प कुठे दिसतो? उलट दोन साक्षीदार समोरासमोर आले, आणि त्यांना समोरासमोर आणणाऱ्या तुम्ही. लेखक म्हणून तुमचं काम तेच.

नाशिकचा_निखिल:

एवढा त्रास कशाला, सगळे सोर्स चॅटजीपीटीला द्या आणि माझ्या शैलीत नवीन लेख लिही म्हणा, दोन मिनिटांत होतं, प्लॅजिअरिझम चेकरमध्येपण पकडलं जात नाही. मी ऑफिसचे रिपोर्ट असेच करतो.

जुना_उपसंपादक:

निखिल, त्यांना पकडलं जाण्याची भीती नाहीये, त्यांना त्या माणसाचं नाव न घेतल्याचं वाईट वाटतंय. दोन्हीत फरक आहे. मशीनला कात्रणं दिली तर तेच शब्द आणखी एकदा बदलून मिळतील, म्हणजे ताईंनी सहा महिन्यांत हाताने जे केलं तेच दोन मिनिटांत. आणि पातेल्याचं मशीनला कोण सांगणार?

आंबीखोरे:

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, लेखनातलं मला फार कळत नाही पण सकाळ-दुपारच्या वादाबद्दल बोलू शकतो, कारण ताई, तुमच्या सासूबाई चुकत नाहीयेत.

त्या दिवशी धरणं दोन फुटली. पानशेत हे आंबी नदीवरचं, मातीचं, बांधकाम पुरतं संपलेलं नव्हतं आणि त्याच पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अपुरं होतं, मोरीच्या वरचा भराव खचत गेला, जवानांनी पोती टाकून जेवढा वेळ मिळवता येईल तेवढा मिळवला, आणि १२ तारखेला सकाळी बांध गेला. ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं. खडकवासला एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरण, त्याच्यावरून पाणी जायला लागलं तरी ते काही तास उभं राहिलं, मग दुपारी तेही फुटलं. त्या मधल्या काही तासांनी किती माणसं वाचली असतील याचा विचार केला की मला आजही त्या जुन्या दगडकामाला हात जोडावेसे वाटतात, दिवसाउजेडी पाणी चढताना लोकांना दिसलं, घरं सोडता आली. तर पेपर म्हणतो सकाळी आणि सासूबाई म्हणतात दुपारी, दोघं दोन धरणांबद्दल बोलतायत.

म्हणून एकच विनंती, घरच्या माणसाची आठवण छापील कागदाशी जुळली नाही की ती लगेच काढून टाकू नका. न जुळण्याचं कारण शोधा. बऱ्याचदा कारण सापडतं, आणि सापडलं की ते तुमचं स्वतःचं असतं, कुठून उचललेलं नाही.

अजून एक, पुण्याचं पिण्याचं पाणी तेव्हा खडकवासल्यावरच होतं. म्हणजे गावात सगळीकडे पाणीच पाणी आणि दुसऱ्या दिवसापासून प्यायला पाणी नाही. जुन्या विहिरी आणि पेशव्यांच्या वेळचे हौद तेव्हा किती कामाला आले ते सासूबाईंना विचारा, भांड्यांचा विषय असेल तर पाणी कशात भरून आणलं हा प्रश्न त्याच्यातच आला.

वकील_ठाणे:

कायद्याचं थोडं सांगतो कारण अशा धाग्यांवर लोक फार घाबरवतात किंवा फार निर्धास्त करतात.

घटना, तारखा, आकडे, धरण कसं फुटलं, यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं, एका नाटकावरून सिनेमा उचलला असा दावा होता, कोर्ट म्हणालं की कल्पना, विषय, ऐतिहासिक तथ्यं यांवर मालकी नाही, मालकी असते ती त्यांच्या मांडणीवर आणि अभिव्यक्तीवर. म्हणजे ताईंना जे रात्री जाणवलं तेच, शब्द बदलले आणि मांडणी तीच ठेवली तर धोका उरतोच. उलट विषय तोच घेऊन मांडणी आणि दृष्टी पूर्ण वेगळी केली तर ती नवी कृती.

मासिकातल्या आठवणींना संरक्षण आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. पण दोन-चार ओळी अवतरणचिन्हात, लेखकाचं आणि मासिकाचं नाव देऊन, त्यावर तुमचं म्हणणं मांडण्यासाठी घेतल्या तर त्याला कायद्यात जागा आहे, रास्त वापर म्हणतात. अख्खा परिच्छेद सजावटीसाठी घेऊ नका. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यावर असतो, तो शब्दशः घेतला तर श्रेय देणं बंधनकारक आहे आणि आणखीही अटी आहेत, त्यापेक्षा त्याचा वापर मूळ कागद कुठे मिळेल ते शोधायला करा. जुने फोटो मात्र परवानगीशिवाय छापू नका.

आणि एक कायद्याबाहेरचं, सासूबाईंना छापण्याआधी वाचून दाखवा. आठवण त्यांची आहे.

कृष्णाकाठ_सांगली:

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. आम्ही २००५ आणि २०१९ चे पूर बघितलेत, आमच्याकडे प्रत्येक घरात पाटाची, भांड्यांची, माडीची गोष्ट आहे, ती कुणा एकाची नसते हो. पुराची गोष्ट सगळ्या गावाची असते. आणि मराठीत असं नवीन काय लिहिलं जातं? ज्ञानेश्वरी गीतेवर, अर्धी नाटकं रूपांतरित, कीर्तनकार तर शेकडो वर्षं तीच आख्यानं सांगतायत. ज्याला चांगलं सांगता येतं त्याने सांगावं, माझं-तुझं कशाला? त्या गृहस्थांना उलट बरं वाटलं असतं की आपली गोष्ट पुढे गेली.

बाईंची_वही:

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, अर्धा. पुराची गोष्ट गावाची असते हे खरंच आहे. पण ज्ञानेश्वरीचं उदाहरण घेतलंत म्हणून सांगते, मी पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला मराठी शिकवलं. गीतेचे ७०० श्लोक आणि ज्ञानेश्वरांच्या सुमारे ९००० ओव्या. वाढलेल्या त्या ओव्यांमध्ये काय आहे ते बघा, दृष्टान्त, उपमा, रोजच्या जगण्यातल्या गोष्टी, श्रोत्यांशी बोलणं. मूळ श्लोक हाताशी धरून त्यांनी आपल्या माणसांना आपल्या भाषेत कळेल असं सगळं नव्याने उभं केलं. आणि एवढं करून ते शेवटी काय म्हणतात, तर मी व्यासांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत आलोय. कुणाच्या मागून आलो ते सांगितलं म्हणून त्यांचं काही कमी झालं का? कीर्तनकारही अभंग म्हणताना तुका म्हणे गाळत नाही हो. माझं-तुझं करू नका म्हणता तेव्हा हेही लक्षात घ्या की नाव गाळलं की ज्याने सांगितलं तोच फक्त नाहीसा होतो, लिहिणाऱ्याचं नाव मात्र लेखाखाली छापून येतं.

आता ताई, तुमच्यासाठी करायचं काय ते सांगते, मुलांकडून करून घ्यायचे तेच.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे कागदात काय आहे ते, कुठल्या अंकात, कुठल्या पानावर, कोणी म्हटलंय त्यासकट. जशीच्या तशी ओळ उतरवत असाल तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह घाला, नंतर घालू म्हणायचं नाही. हे मी फार कळकळीने सांगतेय कारण माझ्याच हातून हे झालंय, कॉलेजच्या नियतकालिकात माझ्या एका लेखात दुसऱ्या लेखिकेचं अख्खं वाक्य माझं म्हणून छापलं गेलं, दोन वर्षांपूर्वीच्या टिपणात ते चिन्हाशिवाय पडून होतं आणि मला खरोखर वाटलं की हे मलाच सुचलंय. ती मला नंतर भेटली तेव्हा काही बोलली नाही, मीच सांगितलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

उजवीकडे तुमचं. ते वाचून काय आठवलं, काय खटकलं, सासूबाई काय वेगळं म्हणाल्या, कोणता प्रश्न पडला. पहिल्या दिवशी उजवी बाजू रिकामी राहील, राहू दे. आठवड्याने बघा. ज्या पानावर उजवीकडे काहीच आलं नाही ते पान लेखात घ्यायचं नाही, मग ती माहिती कितीही महत्त्वाची वाटो. यातच तुमचे २८०० चे १२०० होतील.

मग सगळे कागद बांधून कपाटात. दोन दिवस बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी फोनचं रेकॉर्डिंग लावून ही गोष्ट कुणाला तरी सांगा, ज्याला पानशेत म्हणजे फक्त वीकेंडला फिरायला जायची जागा एवढंच माहीत आहे अशा कुणाला तरी. तुम्ही जिथून सांगायला सुरुवात कराल तीच लेखाची सुरुवात, आणि जिथे तो समोरचा मधेच मग पुढे काय झालं विचारेल तिथे थांबून नीट लिहायचं. आकडे-तारखा नंतर कपाटातून काढून तपासा. आठवणीतून लिहिताना तारीख चुकते, ती दुरुस्त करता येते, पण कागद समोर ठेवून लिहिताना बोलण्याची लय जाते ती परत आणता येत नाही.

कृष्णाकाठ_सांगली:

बाई, तुका म्हणे चं पटलं. माझ्या आईने सांगितलेल्या २००५ च्या गोष्टी मी फेसबुकवर लिहिल्या होत्या, एकदाही तिचं नाव घेतलं नव्हतं. आज घालतो.

मुठाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले कारण बाईंनी सांगितलं तसं खरंच केलं.

भाचा आला होता हिंजवडीहून, त्याला गोष्ट सांगितली. मी सुरुवात धरणापासून केलीच नाही, पातेलं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं हे आमचं नाही. तो म्हणाला मग कुणाचं. तिथून पाऊण तास.

मग सासूबाईंना परत विचारलं, या वेळी पुराबद्दल नाही, फक्त पातेल्याबद्दल, आणि सव्वा तासाच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये जे एकदाही आलं नव्हतं ते आलं. पूर ओसरल्यावर चौकात मांडीएवढा गाळ होता, तो उपसताना फावड्याला ते लागलं. त्यांच्या वडिलांनी ते आधी राखेने घासलं, नाव वाचलं, आणि काही महिने जो भेटेल त्याला ते नाव विचारत होते, ओंकारेश्वराच्या आसपास, रेशनच्या रांगेत, जिथे पूरग्रस्तांना ठेवलं होतं तिथे जाऊन. नंतर लोकमान्यनगरला जागा मिळाली तेव्हा स्वतःची उरलेली चार भांडी आणि हे, एवढंच घेऊन गेले. आंबीखोरे काका, तुम्ही सुचवलंत म्हणून हौदाचं विचारलं, तर म्हणाल्या पाणी आणायला घरात घागरसुद्धा उरली नव्हती तरी वडिलांनी ते पातेलं न्यायला दिलं नाही, शेजारच्यांकडून बादली मागून आणली. का विचारलं तर म्हणाल्या, दुसऱ्याच्या भांड्याला पोचा आला असता तर.

कात्रणांमध्ये बारीक जाहिराती शोधल्या. त्यात काय मिळालं ते लेखातच लिहिते, इथे लिहून टाकलं तर मग लिहायचा जोर जातो. मासिकातल्या त्या गृहस्थांचं नाव घेतलंय, दोन ओळी त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हात, आणि लगेच पुढे सासूबाईंनी त्या ऐकून काय म्हटलं ते. सकाळ आणि दुपार दोन्ही ठेवली. आयोगाच्या अहवालातून फक्त मोरीचं एक वाक्य घेतलं, बाकी सगळी पानं कपाटात. लेख आता १४०० शब्दांचा आहे.

सुरुवात इथे देते, सांगा कशी वाटते. पातेल्यावरचं नाव बदललंय, लेखातही बदललेलंच ठेवणार आहे आणि तसं लिहिणार आहे:

"आमच्या घरात एक पातेलं आहे, ते आमचं नाही. पितळेचं, चार शेर दूध मावेल एवढं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, चि. सौ. कां. कुमुद हिस मामाकडून, ता. ७-५-५३. आडनाव नाही. मामाचंही नाव नाही, घरच्यांना मामा कोण ते माहीतच असणार. १२ जुलै १९६१ ला ते मुठेच्या पाण्यातून नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात आलं. सासूबाईंच्या वडिलांनी ते घासून मांडणीवर उपडं ठेवलं आणि पाच वर्षं त्यात कुणाला काही शिजवू दिलं नाही. कुमुद येईल म्हणायचे. कोण असेल ही कुमुद, कुठल्या पेठेत राहत असेल, त्या दिवशी ती वाचली असेल का?"

जुना_उपसंपादक:

ताई, 'कुमुद येईल म्हणायचे' इथे थांबा. शेवटचं प्रश्नांचं वाक्य काढा, वाचकाच्या मनात ते प्रश्न आधीच आलेले असतात. बाकी एका शब्दाला हात लावू नका. हा तुमचा लेख आहे आणि संपादकांना तो आधी कुठे वाचल्यासारखा वाटणार नाही.

वकील_ठाणे:

नाव बदललंय ते लेखात सांगताय हे फार चांगलं. सासूबाईंना वाचून दाखवलंत का?

मुठाकाठची:

ते वाक्य काढलं काका. आणि हो, काल रात्री सगळा लेख वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या चार शेर नाही गं, पाच शेर. आत्ताच दूध मोजून बघितलं. पाचच आहे. दुरुस्त करून पाठवते.